वाचक विचारतात : मेंदूतला चाळीसचा ठेका

दोन अंकांपूर्वी ईईजी, म्हणजे डोक्याला तारा चिकटवून घेतलेली मेंदूतल्या विजेची नोंद, कसा काढतात ते मी लिहिलं होतं. शेवटी एक ओळ होती, 'गॅमा लहरींबद्दल पुन्हा कधीतरी.' त्या एका ओळीवर जेवढी पत्रं आली तेवढी बाकी सगळ्या लेखावर आली नाहीत. निपाणी, चिकोडी, खानापूर, येळ्ळूर, आणि आमच्या बेळगावातून तर गठ्ठाच. त्यातली पाच इथे घेतली आहेत.

नवीन वाचकांसाठी सांगते, मी डॉक्टर नाही. सव्वीस वर्षं बेळगावात ईईजी तंत्रज्ञ म्हणून काम केलं. हजारो डोक्यांना पेस्ट लावून तारा चिकटवल्या. 'डोळे मिटा, डोळे उघडा' आणि 'कण्ण मुच्चरी, कण्ण तेगीरी' ही वाक्यं दिवसभर आलटूनपालटून म्हटली. निवृत्त झाल्यावर वाचन वाढलं. डोळ्यांनी पाहिलेलं आणि वाचून पटलेलं, तेवढंच लिहिते.

ताई, माझा मुलगा यंदा दहावीला आहे. इथले एक क्लासवाले म्हणतात, रोज अर्धा तास हेडफोनवर ४० हर्ट्झचा आवाज ऐकला की मेंदूत गॅमा लहरी वाढतात आणि एकदा वाचलेलं पुन्हा विसरत नाही. कपाळाला पट्टी बांधून मोबाइलवर त्याची गॅमा वाढलेली दाखवलीसुद्धा. फी नऊ हजार. त्याचे बाबा भरूया म्हणतात. काय करू? — एक आई, निपाणी

वहिनी, फी भरू नका. आता कारण सांगते, आणि ते जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या पत्रासारखी आणखी सहा पत्रं माझ्यासमोर आहेत.

गॅमा लहरी खोट्या नाहीत. आपल्या मेंदूतल्या चेतापेशी एकमेकींना विजेचे बारीक ठोके देत असतात. लाखो पेशींचे ठोके एका तालात पडले की त्यांची बेरीज डोक्याच्या कातडीवरही मोजता येते. सेकंदाला किती वेळा चढ-उतार होतो त्याला हर्ट्झ म्हणतात. गाढ झोपेत चारच्याही खाली असतो, तो डेल्टा. डोळे मिटून निवांत बसलं की आठ ते तेराच्या दरम्यान, तो अल्फा. काम, हालचाल, विचार चालू असताना त्याहून जलद बीटा. आणि तीसच्या पुढे, ऐंशी-शंभरपर्यंत जाते ती गॅमा. चाळीस हर्ट्झ म्हणजे एक लाट पंचवीस मिलिसेकंदांत संपते. डोळ्याची पापणी एकदा लवते तेवढ्या वेळात चार-पाच लाटा सहज होऊन जातात.

पण तिचा आकार बघा. डोळे मिटलेल्या माणसाचा अल्फा ५० मायक्रोव्होल्टच्या आसपास जातो. मायक्रोव्होल्ट म्हणजे एका व्होल्टचा दहा लाखावा भाग. कवटीबाहेर पोचणारी गॅमा त्यातही जेमतेम काही मायक्रोव्होल्टची. मी नोकरीला लागले तेव्हा यंत्र कागदाचं होतं. कागद सेकंदाला तीन सेंटिमीटर पुढे सरकायचा. त्या तीन सेंटिमीटरमध्ये चाळीस शिखरं बसवा म्हटलं तर पेनची शाईच एकमेकांत मिसळायची. शिवाय आपल्या घराघरांतली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे नेमकी गॅमाच्या पट्ट्यात. खोलीतली ट्यूबलाइट, भिंतीतली वायर, शेजारचा फ्रिज, सगळे त्या कागदावर आपली सही करून जायचे.

आणि आता मुख्य गोष्ट. नोकरीचं दुसरं वर्ष असेल. अथणीकडचा एक तरणा मुलगा फिट येते म्हणून आला होता. नोंद चालू असताना मी त्याला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. त्याबरोबर दोन्ही कानशिलांवरच्या तारांत अशा दाट, जलद लहरी उठल्या की मी हरखून गेले. विचार करणारा मेंदू असा दिसतो, असं वाटलं. धावत जाऊन डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी कागद पाहिला, काही बोलले नाहीत, मुलाच्या जबड्यावर हात ठेवला आणि म्हणाले, 'दात आवळू नकोस, तोंड जरा सैल सोड.' पुढच्या सेकंदाला लहरी गेल्या. गणित अवघड म्हणून पोराने दात आवळले होते. मी पाहत होते ती चावण्याच्या स्नायूंची वीज होती. त्या दिवसानंतर प्रत्येक पेशंटला मी आधी जबडा सैल सोडायला लावला.

२००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हेच फार धाडसाने तपासलं. स्वयंसेवक पूर्ण जागे, पण भूल देताना वापरतात तसलं औषध देऊन त्यांचे स्नायू काही वेळ लुळे केले आणि मग ईईजी काढला. वीस हर्ट्झच्या वरची बरीचशी वीज गायबच झाली. ती स्नायूंची होती. पुढच्याच वर्षी जेरुसलेमच्या एका गटाने दाखवलं की आपण एका जागी टक लावून पाहत असलो तरी डोळे जे अतिसूक्ष्म हिसके देतात, त्यांच्या विजेलाही ईईजीत गॅमा समजलं जातं. जगभरातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांना आपले जुने निष्कर्ष पुन्हा तपासावे लागले. मग कपाळाला बांधलेली पट्टी मोबाइलवर काय दाखवते? कपाळ ही तर स्नायू आणि डोळे दोघांच्या सर्वांत जवळची जागा. तुमच्या मुलाने मन लावून कपाळाला आठ्या घातल्या असतील, आकडा वाढला असेल.

४० हर्ट्झच्या आवाजाला मेंदू प्रतिसाद देतो, हे मात्र खरं आहे. १९८१ पासून ते माहीत आहे, आणि अशाच ठेक्याच्या आवाजांना मिळणाऱ्या प्रतिसादावरून, त्याहून जलद ठेका वापरून, तान्ह्या बाळांची श्रवणशक्तीही तपासतात. बाळ 'ऐकू येतंय' म्हणून सांगू शकत नाही, मेंदू सांगतो. पण आवाज मेंदूपर्यंत पोचला यातून एवढंच कळतं की तो पोचला. इतिहासाच्या सनावळ्या त्यातून पक्क्या होत नाहीत.

माझे वडील शहापुरात माग चालवायचे. आमच्या घरात पहाटेपासून मागाचा खडखडाट. साडी विणली जात असताना तो आवाज आपोआप येतो. उद्या कोणी त्या आवाजाची टेप रिकाम्या खोलीत दिवसभर लावून ठेवली तर संध्याकाळी तिथे साडी सापडेल का? गॅमा हा विणकाम चालू असतानाचा आवाज आहे. तुम्हाला नऊ हजारांना टेप विकतायत.

मुलाला रात्री पूर्ण झोपू द्या. धडा वाचून झाला की पुस्तक मिटून, न बघता, आठवेल ते लिहून काढायला सांगा. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा असं आठवून लिहिण्याने जास्त दिवस लक्षात राहतं, हे चांगल्या प्रयोगांतून सिद्ध झालेलं आहे. कन्नडच्या पेपरासाठी तर नक्कीच करून बघा, आपल्याकडच्या मराठी माध्यमाच्या मुलांना तोच पेपर जड जातो.

मॅडम, मी बी.एस्सी. तिसऱ्या वर्षाला आहे, फिजिक्स घेऊन. दोन प्रश्न. एकमेकांपासून लांब असलेल्या चेतापेशी एकाच क्षणी कशा ठोका देतात? सिग्नल जायला वेळ लागतोच की. आणि दुसरं, या सिंक्रोनायझेशनमुळेच आपल्याला वस्तू सलग दिसते असं वाचलं. ते सिद्ध झालंय का? — टिळकवाडी, बेळगाव

बाळ, तुझ्या पत्राने मला फार आनंद झाला. पहिला प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे.

आधी ताल तयार कसा होतो ते बघ. मेंदूच्या वरच्या थरात ढोबळमानाने दोन जातींच्या पेशी. एक जात दुसऱ्यांना चेतवते. दुसरी रोखते, ती संख्येने कमी पण फार चपळ. चेतवणाऱ्या पेशी उडाल्या की त्या रोखणाऱ्यांनाही उडवतात. रोखणाऱ्या सगळ्यांना एकदम गप्प करतात. ती रोख ओसरायला दहा-वीस मिलिसेकंद लागतात. ओसरली की सगळ्या एकत्रच मोकळ्या होतात आणि पुन्हा एकत्र उडतात. कोणी ताल धरायला बसलेला नाही. धरपकड आणि सुटका यांच्या वेळेतूनच चाळीसचा ठेका पडतो. २००९ मध्ये उंदरांच्या मेंदूतल्या याच चपळ रोखणाऱ्या पेशी प्रकाशाच्या झोताने चालू करून पाहिल्या, तेव्हा गॅमा वाढली. म्हणजे कारण हाताला लागलं.

आता लांबच्या पेशींचं. १९८९ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक संस्थेत वुल्फ सिंगर आणि चार्ल्स ग्रे यांच्या गटाने मांजराच्या मेंदूच्या दृष्टीच्या भागात, सात मिलिमीटर अंतरावरच्या दोन जागी तारा ठेवून नोंद केली. डोळ्यांसमोरून एकच लांब पट्टी सरकवली तेव्हा दोन्ही जागचे ठोके चाळीस-पन्नासच्या ठेक्यात जुळले. दोन वेगळ्या पट्ट्या एकाच दिशेने नेल्या तेव्हा कमी जुळले. विरुद्ध दिशांना नेल्या तेव्हा जुळलेच नाहीत. पेशी त्याच, त्यांच्यापुढे आलेली रेषाही तशीच, पण ती 'एकाच वस्तूची' आहे की नाही यावर जुळणी ठरत होती. १९९१ मध्ये त्याच गटाला मेंदूच्या डाव्या आणि उजव्या अर्ध्या भागांतही अशी जुळणी सापडली, आणि तीही जवळजवळ शून्य फरकाने. दोन अर्धांना जोडणारा तंतूंचा जाड पट्टा कापल्यावर ती नाहीशी झाली. म्हणजे ताल बाहेरून येत नव्हता, दोघांच्या परस्पर बोलण्यातून येत होता. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. अ कडून ब ला आणि ब कडून अ ला सारख्याच उशिराने ठोके जात असतील तर दोघे एकमेकांना ढकलत-ओढत मधल्या क्षणावर येऊन स्थिरावू शकतात. तुमच्या फिजिक्समध्ये एकाच फळीवरची दोन लंबकाची घड्याळं आपोआप एकमेकांशी ताल जुळवतात ना, ते आठव.

हे जुळणं खरं की योगायोग, हेही विचारायला हवं. आमच्या घरात चार माग होते, प्रत्येकाची मोटर वेगळी. ऐकत बसलं की कधीतरी चारही एका ठेक्यात यायचे, मिनिटभर खडाखड एकच आवाज, आणि मग पुन्हा विस्कटायचे. लहानपणी मला वाटायचं, माग एकमेकांचं ऐकतात. ते ऐकत नव्हते. वेग जवळजवळ सारखा असला की असं होतंच. म्हणून संशोधक एक युक्ती करतात. एका जागेची पहिल्या फेरीची नोंद आणि दुसऱ्या जागेची पाचव्या फेरीची नोंद अशी मुद्दाम चुकीची जोडी लावून पाहतात. तरीही जुळणी दिसली तर ती समोरच्या चित्रामुळे किंवा योगायोगाने आलेली. खऱ्या जोडीत दिसते आणि चुकीच्या जोडीत जाते, तीच खरी.

दुसरा प्रश्न. खडेबाजारातून जाताना समोरून हातगाडी येते. तिचा रंग मेंदूच्या एका भागात, हालचाल दुसऱ्या भागात, आकार तिसरीकडे हाताळला जातो. तरी आपल्याला एकच गाडी दिसते आणि शेजारच्या रिक्षाचा रंग तिला चिकटत नाही. हे कोण बांधतं? 'एकत्र ठोका देतात त्या पेशी एका वस्तूच्या' असं उत्तर सिंगर यांनी दिलं. १९९० मध्ये डीएनएवाले फ्रान्सिस क्रिक आणि क्रिस्टॉफ कॉख यांनी तर जाणिवेचाच संबंध या चाळीसच्या तालाशी जोडला. माणसांवरही प्रयोग झाले. १९९९ मध्ये पॅरिसमध्ये फ्रान्सिस्को वारेला यांच्या गटाने काळ्या-पांढऱ्या डागांची चित्रं दाखवली. सुलटी धरली तर चेहरा ओळखू यायचा, उलटी धरली तर नुसते डाग. चेहरा ओळखला की पाव सेकंदाच्या आसपास लांबलांबच्या तारांमधली गॅमा जुळायची, मग विस्कटायची, आणि बटण दाबताना पुन्हा जुळायची.

मला ही सगळी मांडणी एके काळी पूर्ण पटली होती. आज मी म्हणेन, सिद्ध झालेली नाही. वर सांगितलेले डोळ्यांचे हिसकेही नेमके त्याच पाव सेकंदाच्या सुमारास येतात, त्यामुळे कातडीवरून घेतलेल्या जुन्या नोंदींवर सावट पडलं. दुसरी अडचण जास्त मुळातली. २०१० मध्ये सुप्रतिम राय आणि जॉन मॉन्सेल यांनी माकडांवर दाखवलं की चित्राचा भाग जितका ठळक तितकी तिथली गॅमा जलद. एकाच वस्तूचा एक कोपरा उन्हात आणि दुसरा सावलीत असला तर दोन कोपऱ्यांचे ठेके वेगळे पडणार. मग 'समान ठेका म्हणजे एक वस्तू' हे घड्याळ चालायचं कसं? राय आता आपल्याच राज्यात, बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आहेत. पडदाभर काळे-पांढरे पट्टे दाखवले तर माणसात एक नाही, दोन गॅमा उठतात, एक संथ आणि एक जलद, हे त्यांच्या प्रयोगशाळेने २०१८ मध्ये दाखवलं. एम.एस्सी. नंतर कुठे जायचं असा विचार करत असशील तर त्यांचं काम वाच.

तिसरी एक कल्पना मला सगळ्यांत जवळची वाटते, पास्कल फ्रीस यांची, २००५ ची. तू टिळकवाडीचा, तुला दुसरं रेल्वे गेट वेगळं सांगायला नको. गेट उघडं असताना पोचलास तर सरळ पलीकडे, बंद असताना पोचलास तर उभा राहा. चेतापेशींचा गटही प्रत्येक गॅमा लाटेत काही मिलिसेकंद उघडा आणि काही मिलिसेकंद बंद असतो. ज्या गटाचे ठोके गेट उघडं असताना येऊन पडतात त्याचं म्हणणं पुढे जातं. लक्ष देणं म्हणजे कदाचित हेच, की ज्याचं ऐकायचं त्याच्या वेळेला आपलं गेट जुळवून घेणं. माकडाने ज्या वस्तूकडे लक्ष दिलं त्या वस्तूच्या पेशींची गॅमा जास्त जुळते, हे फ्रीस यांनी २००१ मध्ये दाखवलं होतं. यावरही वाद आहे. पण हा वाद प्रयोगाने सुटण्यासारखा आहे, म्हणून मला तो आवडतो.

ताई, आमचं भजनी मंडळ आहे खानापूर तालुक्यात. भजन रंगलं की कोण गातंय, कोण टाळ वाजवतंय, काही कळत नाही, सगळे एक होतात. परवा एका व्याख्यानात सांगितलं की त्या वेळी सगळ्यांच्या मेंदूत गॅमा एक होते. ऐकायला बरं वाटलं, खरं पटलं नाही. — मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद

काका, 'पण'च्या जागी तुमचं ते 'खरं' वाचून बरं वाटलं, आमच्याकडे अजून तसंच बोलतात.

टाळ सेकंदाला दोनदा पडला असं धरा. दोन टाळांच्या मध्ये गॅमाच्या वीस लाटा होऊन जातात. सेकंदाला चाळीस ठोके कोणी वाजवू शकलाच तर तुम्हाला ते ठोके म्हणून ऐकूच येणार नाहीत, एक खालच्या पट्टीतला सलग घुमारा ऐकू येईल. भजनाचा ताल आणि गॅमाचा ताल यांच्यात एवढं अंतर आहे. एकत्र वाजवणाऱ्या माणसांचा ईईजी काढून पाहिलेला आहे. २००९ मध्ये जर्मनीत जोडीने गिटार वाजवणाऱ्यांच्या मेंदूत जुळणी सापडली, ती संथ लहरींची. आणि त्यातही दोघांनी एकच आवाज ऐकला, एकाच वेळी हात हलवला, म्हणून दोघांत सारखंच उमटलं, हा भाग किती आणि त्यापलीकडचं किती, हे वेगळं काढणं कठीण असतं.

व्याख्यात्यांनी बहुधा २००४ चा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा प्रयोग मनात धरला असावा. दहा हजार तासांहून जास्त ध्यान केलेल्या बौद्ध साधकांना करुणेच्या ध्यानात बसवलं, तेव्हा त्यांच्यात गॅमा खूप मोठी आणि लांबवर जुळलेली दिसली. साधक होते आठ. आणि ती जुळणी प्रत्येकाच्या स्वतःच्या डोक्यातली, एकाची दुसऱ्याशी नव्हे.

तुम्हाला येतो तो अनुभव मात्र कोणी नाकारू नये. माझी आई वारीला जायची. आषाढीहून परतल्यावर आठ दिवस तिच्या चेहऱ्यावर जे असायचं ते मला कुठल्याही कागदावर कधी दिसलं नाही, आणि ते खरं मानायला मला कागदाची गरजही वाटली नाही.

नमस्कार. बाबा ७४ वर्षांचे आहेत. वर्षभरापासून विसरतात. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात. माझा भाऊ परदेशात असतो, तो ४० हर्ट्झवर लुकलुकणारा दिवा पाठवतो म्हणतो, अल्झायमरवर उपाय म्हणून. लावावा का? बाबांना तरुणपणी दोनदा फिट आली होती. — एक मुलगी, चिकोडी

ताई, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं आहे. फिट येऊन गेलेल्या माणसासमोर लुकलुकणारा दिवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात लावू नका. ईईजी काढताना आम्ही मुद्दाम दिवा लुकलुकवून बघतो, कारण काही जणांच्या मेंदूत त्यामुळे झटक्याच्या लहरी उठतात. सेकंदाला पंधरा ते पंचवीस वेळा लुकलुकलं तर धोका सर्वांत जास्त, पण त्याच्या बाहेर धोका नसतो असं नाही. आमच्या खोलीत तेव्हा डॉक्टर आणि औषध दोन्ही हाताशी असायचं.

आता दिव्याबद्दल. २०१६ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या ली-ह्वे त्साई यांच्या गटाने अल्झायमरसारखा आजार तयार केलेल्या उंदरांना तासभर ४० हर्ट्झचा लुकलुकता प्रकाश दाखवला. मेंदूच्या दृष्टीच्या भागातलं अमायलॉइड हे अपायकारक प्रथिन कमी झालं. पुढे आवाजाचीही जोड दिली. जगभर आशा निर्माण झाली, ती मलाही वाटली. पण २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्जी बुझाकी यांच्या प्रयोगशाळेने तशाच उंदरांवर पुन्हा करून पाहिलं, तेव्हा अमायलॉइड कमी झालेलं आढळलं नाही, आणि आठवणींच्या भागातली मूळची गॅमा या प्रकाशाच्या मागे चालते असंही दिसलं नाही. माणसांवर चाचण्या झाल्या आहेत, चालूही आहेत. घरी दिवा मागवून लावावा अशा टप्प्यावर हे अजून आलेलं नाही.

या विषयातली बेंगळुरूची एक गोष्ट सांगते, ती मला जास्त आशेची वाटते. मघा सांगितलेल्या राय यांच्या गटाने पन्नाशीपुढच्या लोकांना ते काळे-पांढरे पट्टे दाखवून ईईजी काढला. निरोगी माणसांतही वयाबरोबर गॅमा क्षीण आणि संथ होत जाते, हे २०२० मध्ये दिसलं. आणि ज्यांची स्मृती नुकती कमी व्हायला लागली आहे किंवा अल्झायमरची सुरुवात आहे, त्यांची गॅमा त्याच वयाच्या निरोगी माणसांपेक्षाही कमी होती, हे २०२१ मध्ये. म्हणजे उद्या स्वस्तातल्या ईईजीवरून लवकर सावध होता येईल अशी वाट आहे. एमआरआयसाठी चिकोडीहून गाडी करून, दिवस मोडून यावं लागणाऱ्या माणसांना त्याची किंमत कळेल.

आज मात्र एवढं करा. बाबांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्या. जाण्याआधी बी-१२ आणि थायरॉइडची रक्ततपासणी करून घेतलीत तर एक फेरी वाचेल. या दोन्हींच्या कमतरतेनेही माणूस विसरायला लागतो, आणि त्यावर उपचार आहेत. कान तपासा. पुन्हा पुन्हा विचारणारे कितीतरी आजोबा मी पाहिले, ज्यांना पहिलं उत्तर ऐकूच आलेलं नसायचं. झोपेच्या किंवा इतर चालू गोळ्या असतील तर त्यांची चिठ्ठी बरोबर घ्या. भावाला सांगा, दिव्याचे पैसे बाबांच्या कानाच्या यंत्रासाठी लागले तर लागतील, ठेवून दे.

मावशी, माझ्या आज्जीचा बेळगावात ईईजी काढणार आहेत. डोळे मिटा, उघडा असं का सांगतात? दुखतं का? आणि आज्जी काय विचार करते ते कळतं का? — इयत्ता आठवी, येळ्ळूर

दुखत नाही. यंत्र आज्जीच्या डोक्यात वीज सोडत नाही, तिच्या डोक्यातली वीज नुसती ऐकतं. विचार कळत नाहीत, आज्जीची गुपितं आज्जीकडेच राहतात.

डोळे मिटायला सांगतात कारण मेंदू ठीक असेल तर डोळे मिटल्यावर डोक्याच्या मागच्या बाजूला सेकंदाला दहाच्या आसपास सुंदर गोलसर लाटा येतात आणि उघडल्याबरोबर पुसल्या जातात. जर्मनीतल्या येना गावच्या हान्स बर्गर या डॉक्टरांनी १९२४ मध्ये माणसाचा पहिला ईईजी काढला आणि या लाटा जगाला दाखवल्या. पाच वर्षं तपासत राहिले, मग १९२९ मध्ये छापलं. त्यांच्या सुरुवातीच्या नोंदींमध्ये त्यांच्या स्वतःच्या मुलाच्याही होत्या. सव्वीस वर्षांत मी त्या लाटा रोज पाहिल्या, तरी कागदावर किंवा पडद्यावर त्या उमटल्या की मला दर वेळी बरं वाटायचं.

आज्जीला सांग, आदल्या दिवशी शाम्पूने डोकं धुवायचं आणि नंतर तेल अजिबात लावायचं नाही, तेलावर तारा चिकटत नाहीत. उपाशी यायचं नाही. रोजच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद करा म्हटलं नसेल तर घ्यायच्या. आणि आत गेल्यावर दात आवळायचे नाहीत, हे तू तिच्या कानात सांग.